बैलाच्या जागी जावई: देवळीकडची एक फेरी

पोळ्याच्या आदल्या दिवशी सासुरवाडीला जायचं, असं बायकोने ठरवलं आणि मी नेहमीसारखी मान डोलावली. वर्ध्याजवळ सावंगीच्या मेडिकल कॉलेजात माझी नोकरी म्हणजे विद्यार्थ्यांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवायचं आणि त्यांची दमछाक मोजायची. सुट्टीत कुणाची धाप ऐकायची हौस नव्हती.

वर्ध्याहून देवळीला एसटीनेच जा. शेअर ऑटोत मांडीवर कोण बसेल याचा नेम नाही. स्टँडवर गरम आलुबोंडे खाऊन घ्या, पुढे फाट्यावर चहाशिवाय काही मिळत नाही. फाट्यापासून गाव पायी, दोन्हीकडे कपाशी, मधे चिखल. चपला घालू नका. मी घातल्या होत्या.

अंगणात सासरे, म्हणजे मामाजी, लाल्या बैलाकडे बघत उभे होते.

"थकला हा, जवाईबापू. भाजीची बंडी वढताना धापा टाकून राह्यला. पोळा झाला का व्यापारी येते न्याले."

बायकोचे डोळे भरले. लाल्याला वासरू असल्यापासून तिने चारलं होतं. मलाही वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी व्याख्यान देतो.

"मामाजी, सपाट रस्त्यावर, चाकं मोकळी असली तर ओढणं सोपं. तेच वजन पाठीवर घेतलं तर जीव जातो. माणसाचाही, बैलाचाही."

"मंग वढून दाखवा!"

बैलांना सुट्टी होती, म्हणून जुवाखाली मी गेलो. बंडी रिकामी, तरी शेजारच्या घरापर्यंत जीभ बाहेर आली. वर बंडी सारखी डावीकडे वळून कुंपणात घुसायची. गाव खिदळत होतं.

"तिकडं काऊन जाता?" मामाजी ओरडले.

"मी नाही, बंडी जाते! लाल्याला कुठल्या बाजूला जुंपता?"

"डावीकडं."

चाकं अधांतरी राहतील असे आम्ही बंडीखाली दगड लावले आणि चाकं हाताने फिरवून पाहिली. उजवं चाक भिरभिरलं. डावं करकरून जागीच थांबलं. बेअरिंग खलास! बिचारा लाल्या पावलापावलाला ते अडलेलं चाक फरफटत होता आणि आम्ही त्याचं वय काढत होतो. मामाजींचं तोंड उतरलं.

संध्याकाळी बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतात. लाल्याचं झाल्यावर सासूबाईंनी वाटी बायकोकडे दिली. "उरलं थे जवाईबापूले लाव."

परत आलो, तेव्हा शर्टाचा पिवळा डाग निघेना आणि खांदा वर होईना. तरी ही सहल मला आवडली, हे कबूल. पोळ्यानंतर मामाजींचा फोन आला: चाक दुरुस्त झालं, व्यापारीही येऊन गेला.

"मग काय सांगितलंत त्याला?" मी घाबरत विचारलं.

"म्हटलं, बैल नाई देत. वढनाराच पायजे असन तं जवाई घेऊन जाय."