फॉरमॅटच्या दिवशी गायब झालेला फ्यूज

आधीच सांगतो, भूतबित, आत्माबित्मा यांवर माझा काडीचा विश्वास नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रिपोर्ट हातात आल्याशिवाय मी कुणाचा तापसुद्धा मान्य करत नाही, असं बायको म्हणते. तरी हे लिहितोय.

आमचं घर बुऱ्हाणपुरात, सिंधीपुऱ्याला लागून. घरात आई, मी, बायको वैशाली आणि चार वर्षांची परी. अण्णा, म्हणजे माझे वडील, कागद कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. पाठोपाठ आईला लकवा मारला... उजवी बाजू गेली, वाचा गेली. पलंगावरून तिला एकटीने उठता येत नाही.

रिटायर झाल्यावर अण्णांनी कॉम्प्युटर घेतला आणि आईला रेकॉर्ड करायचा नादच लावून घेतला. दराबा ही आमच्याकडची रव्याची मिठाई कशी करायची, देवीची गाणी, शेजारणींच्या नकला — सगळं. परीला आजीचा आवाज आठवत नाही. तो आता फक्त त्या कॉम्प्युटरच्या डब्यात होता. मोबाईलवर घ्यायचं मी रोज उद्यावर ढकलत होतो. आळस, दुसरं काय!

मागच्या हिवाळ्यात ठरवलं, मशीन अपग्रेड करायचं. विंडोज उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. मेकॅनिक नवा मदरबोर्ड आणि एसएसडी बसवणार आणि जुनी हार्डडिस्क फॉरमॅट करून घेऊन जाणार. रविवारी सकाळी वैशाली परीला घेऊन बहादरपूरला माहेरी गेली. मी डेस्कटॉपवरचं सगळं उचलून पोर्टेबल डिस्कवर टाकलं. दोन मिनिटांत काम फत्ते! मी खूश. कॉम्प्युटर बंद केला, बाहेरून कुलूप लावलं आणि मेकॅनिकला आणायला गेलो. जेमतेम अर्धा तास.

परत आलो तर कॉम्प्युटर चालूच होईना.

"भैया, इसमें तो करंट ही नहीं आ रहा," मेकॅनिक म्हणाला.

कॉम्प्युटरची लाइन अण्णांनी वेगळी ओढलेली, तिचा फ्यूजही वेगळा. स्टुलावर चढून बघितलं — चिनी मातीचा तो फ्यूज जागेवर नव्हताच. बाकी घरात लाइट व्यवस्थित.

"बिजली का काम मैं नहीं करता. फ्यूज लगवा लो, कल आता हूँ," म्हणून तो गेला.

आई मात्र अस्वस्थ झाली होती. डाव्या हाताने छातीवर थोपटत होती, पुन्हा पुन्हा. मी घाबरलो, बीपी बघितलं, नाडी बघितली. सगळं नॉर्मल. मग वाटलं, तिला तिचंच जुनं रेकॉर्डिंग ऐकवू, शांत होईल. पोर्टेबल डिस्क वैशालीच्या लॅपटॉपला लावली, 'आई' नावावर क्लिक केलं... काही उघडेना. मी नुसते शॉर्टकट कॉपी केले होते. खरं फोल्डर जुन्या डिस्कवरच होतं!

तासाभरात आईचा आवाज मी स्वतःच्या हाताने पुसून टाकला असता.

आई अजून थोपटतच होती. नीट पाहिलं, तेव्हा कळलं. ती छाती दाखवत नव्हती, खिसा दाखवत होती. कारखान्यात मशीन उघडण्याआधी अण्णा फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवायचे, म्हणजे दुसऱ्या कुणी चुकून चालू करायला नको. घरी पंखा पुसायचा असला तरी तेच. मी त्यांची थट्टा करायचो.

संध्याकाळी वैशाली आली. अण्णांचा जपून ठेवलेला कारखान्यातला खाकी शर्ट ज्या कपाटात आहे, त्याची एकच चावी तिच्या जुडग्यात होती.

"मीच बंद करून गेली होती ना कपाट," ती म्हणाली. "चाबी दिवसभर माझ्याजवळच होती."

शर्टाच्या डाव्या खिशात फ्यूज होता.

मी सगळे रिपोर्ट मनात लावून बघितले. वैशाली कपाट बंद करून जायच्या आधी मीच काढून ठेवला आणि विसरलो असेन, तर ती गेल्यावर कॉम्प्युटर कसा चालला? आई स्टुलावर चढू शकत नाही. घराला कुलूप, कपाटाला कुलूप. कुणाला सुचलं तर जरूर सांगा, मला आजवर काही सुचलेलं नाही. भीती मात्र तेव्हाही वाटली नाही. उलट रडू आलं.

फ्यूज बसवला, खरं फोल्डर तीन ठिकाणी कॉपी केलं आणि मग दराब्याचं रेकॉर्डिंग लावलं. "अहो, मधी मधी बोलू नका, रवा जळून जाईन!" आई खणखणीत आवाजात अण्णांवर ओरडत होती.

"पप्पा, ये कौन बोल रहा है?" परीने विचारलं.

"आजी."

परीने स्पीकरकडे पाहिलं, मग आजीकडे. पलंगावर चढली आणि आजीच्या ओठांना कान लावून बसली.