एस्तेरताईचं आमेन

धंतोलीतल्या एका दवाखान्यात नर्स असलेली एस्तेर रविवारी चर्चमधल्या तरुणांचा वर्ग घेते. वर्गातली शलोमी शेवटच्या प्रार्थनेत न चुकता म्हणायची, "प्रभू, आमच्या ताईले चांगला जोडीदार दे." सगळे आमेन म्हणायचे. एस्तेरलाही म्हणावंच लागायचं. पस्तिशी उलटली तसं तिला ते नकोसं झालं.

गेल्या रविवारी ती शलोमीवर चिडलीच. "काहून माह्या लग्नाच्या मागं लागून राहिली वं? एकटं राहणं हेही देवाचं दानच आहे."

आज शलोमीने परीक्षेसाठी मागितलं, चर्चच्या आजारी पाळकांसाठी मागितलं आणि ती थांबली. पोरांनी आमेन म्हणून खुर्च्या सरकवल्या. एस्तेर मात्र डोळे मिटूनच बसून राहिली. तिला वाटलं, अजून एक वाक्य यायचंय.