एकोणिसावी कडी

मुलीच्या बारशाच्या दिवशी सकाळी मी पाळण्याच्या चारपैकी दोन साखळ्या काढून घेतल्या. पाहुणे यायच्या आत परत लावू, असा विचार होता. विचार माझे नेहमी चांगलेच असतात.

तेव्हा मी बुलढाण्याच्या हायस्कुलात गणित शिकवत होतो आणि नागपूरहून मागवलेल्या एका पुस्तकानं मला झपाटलं होतं. टांगलेली साखळी डुलते तेव्हा तिचा आकार एका खास फलनानं, म्हणजे एका गणिती सूत्रानं, सांगता येतो, असं त्यात होतं. दोनशे वर्षांपूर्वी युरोपात कुणाला तरी ते साखळीपायी सापडलं. पुढे ग्रहांचं गणित मांडताना एका ज्योतिर्विदाला तेच भेटलं. डफाच्या थरथरत्या कातड्यातही तेच निघालं. म्हणजे जन्म साखळीच्या पोटी आणि बारसं शंभरेक वर्षांनी, ज्योतिर्विदाच्या नावानं!

माझं गणित सांगत होतं की शंभर कड्यांची साखळी ठरावीक वेगानं फिरवली, तर खालून एकोणिसावी कडी जागची हलणार नाही. पाळण्याच्या दोन साखळ्या जोडल्या की बरोबर शंभर कड्या होत. एकोणिसावीला लाल धागा बांधून मी मागच्या खोलीत स्टुलावर चढलो आणि वरचं टोक हातात धरून फिरवू लागलो. वेग काही जमेना. इकडे बायका जमल्या, तर पाळणा जमिनीवर. नाव ठेवायला जळगाव जामोदहून आलेली माझी थोरली बहीण मला शोधत आत आली.

"काऊन रे, पोरीले का हवेवर निजवतो?"

एकच मिनिट थांब म्हणालो, आणि त्या घाईतच हाताला वेग सापडला. साखळी वर एका अंगाला फुगली, खालचं शेपूट दुसऱ्या अंगाला गेलं, आणि मधे तो लाल धागा, अगदी जागच्या जागी. बहिणीनं त्याच्याजवळ बोट नेऊन पाहिलं.

"उतर खाली," ती पदर खोचत म्हणाली. "मले करू दे."

मग तिच्यामागे सगळ्या बायका स्टुलासाठी रांगेत. शेवटी बाळंतिणीचाच निरोप आला, की पोरीचं नाव आज ठेवायचं आहे ना? धावपळ करून साखळ्या लावल्या आणि मुहूर्त कसाबसा गाठला.

संध्याकाळी मी धागा सोडायला गेलो, तर बायको पाळण्याची दोरी ओढता ओढता म्हणाली, "राहू द्या तो. पोरगी उद्या पुसन, माह्या बारशाले बाप कुठं होता. मंग दाखवता येईन, एकोणिसाव्या कडीवर."