मोरीच्या पाण्यावरचा फ्लॉवर

लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि नवऱ्याला नव्या कचेरीत कारकुनी मिळाली होती. जिल्हा झाला तो लातूर, पण अंगात आलं माझ्या. भाड्याच्या दोन खोल्या, मागं मोरी, मोरीपुढं चार हात माती, आणि मी स्वतःला कलेक्टरीणबाई समजत होते. पावसानं पाठ फिरवलेली. टँकर आला की आम्ही बाया घागरी घेऊन एकमेकींवर तुटून पडायचो. शेजारच्या शिंप्याची बायको, जिला सगळी गल्ली खाला म्हणायची, ती माझी पक्की वैरीण. असल्या दिवसांत झाडाला मिळायचं ते भांडी घासलेलं राखेचं पाणी, तेवढंच.

सासूबाई मुरुडजवळच्या खेड्यात राहत. आमचं मांडवापासूनच बिनसलेलं. मी नांदेडची, गोदावरीकाठची. म्हणजे त्यांच्या मते पाण्याची किंमत नसलेली. पावसाळा कोरडा चाललेला पाहून त्या आल्या, मोरीच्या कडेला काठीनं भोकं पाडून वालाचं बी टोचलं आणि म्हणाल्या, "रानात औंदा काय न्हाई. येळवशीच्या भज्जीला शेंगा हितल्याच. माझी येळवस आजवर एकदा बी मोडली न्हाई."

येळवस म्हणजे इकडची मार्गशीर्षातली अमावस्या. रानात जाऊन काळ्या आईला आंबील आणि भज्जी दाखवायची. भज्जी म्हणजे ओले दाणे, शेंगा, पाला सगळं बेसनात आणि चिंचेच्या कोळात शिजवलेलं. ओल्या शेंगा नाहीत तर भज्जी नाही, भज्जी नाही तर येळवस नाही. मला हे पुरतं सांगितलं होतं. मी ऐकलं नाही, ते वेगळं.

माहेरी गेले तेव्हा एका साहेबाच्या बंगल्यामागं फ्लॉवरचा वाफा पाहिला. झालं. ओल्या फडक्यात सहा रोपं गुंडाळून आणली. पाणी एकाच पिकापुरतं. वालाचा वेल तोवर आमच्या नि खालाच्या मधल्या कुडावर चढून फुलायला आलेला. तो मी मुळासकट उपटला. जिल्ह्याच्या गावी राहायचं आणि वाल खायचा, हे माझ्या मोठेपणाला शोभेना.

फ्लॉवरला पानं मात्र दणकट आली. गड्ड्याचा पत्ता नाही.

येळवशीच्या आदल्या दिवशी सासूबाई रानातलं एक ढेकूळ फडक्यात बांधून आल्या. मागच्या दारात उभ्या राहिल्या.

"वेल कुठाय?"

"वाळला, आत्या."

"आन् हे गाढवाच्या कानावानी काय हाय?"

"फ्लॉवर."

"गड्डा?"

"येईल."

"हाव. मी मेल्यावर."

त्या कुडापाशी गेल्या आणि खालाला हाक मारली. खालानं पलीकडून सूपभर वालाच्या शेंगा पुढं केल्या. "तुमी सांगितलं तसंच केलं. धुण्याचं पानी घातलं न्हाई, निस्तं भांड्याचं."

मी सुपातल्या शेंगांकडं बोट केलं. "आत्या, तिच्याकडं पण लावलं होतं?"

"तिच्याकडंच लावलं व्हतं," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडं लावून बघितलं."

दुसऱ्या दिवशी ढेकूळ मोरीपुढच्या मातीत मांडून, तेच रान समजून येळवस झाली. पहिलं ताट कुडावरून खालाला गेलं, शेवटचं मला मिळालं. भज्जी फार चांगली झाली होती. मी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून दोनदा वाढून घेतली.

एक चोरी आता सांगून टाकते. शेंगा सोलताना चार शेंगा मी कमरेला खोचल्या होत्या. सासूबाईंची पाठ फिरताच फ्लॉवर उपटला आणि त्या जागी दाणे पुरले. आता माझा वेल, माझं बी, कुणाचं तोंड बघायला नको. आठ दिवसांत सगळे कुजले. हिरव्या शेंगेतलं कोवळं बी उगवत नाही, वेलावर वाळावं लागतं, हे शेरडं राखणाऱ्या पोरीलाही ठाऊक असतं. कलेक्टरीणबाईंना नव्हतं.

पुढच्या आषाढात बी मागायला कुडापाशी गेले. खालानं चिंधीची गाठ सोडली, बी मुठीत घेतलं आणि मूठ तशीच धरून ठेवली.

"देते की, दुल्हन. तुमची सासू सांगून गेलीया, मागाया आली तर द्या म्हनून. पर आधी इचारा म्हनली, फ्लॉवरला गड्डा आला का."

मी "नाही" म्हणेपर्यंत तिनं मूठ उघडली नाही.