बेहेरेमास्तरांची साक्ष

बेहेरेमास्तर आमच्या वह्यांना पेन लावत नसत. इंग्रजी शिकवणारा माणूस आणि हातात लाल शाई नाही, हे सांगितलं तर आजही कोणाचा विश्वास बसत नाही. त्यांच्यासमोर एक पितळी वाटी असायची आणि वाटीत चिंचोके. आपला परिच्छेद आपण मोठ्यानं वाचायचा. एखादं वाक्य नुसतंच हवेत सोडलेलं आढळलं की मास्तर वाकून त्यावर एक चिंचोका ठेवत आणि विचारत, "दावा ठोकलास. साक्षीदार कुठाय?" दुरुस्ती ज्याची त्यानं करायची. माझ्या पहिल्या परिच्छेदात वाक्यं दहा होती आणि चिंचोके नऊ. दहावं वाक्य 'मी कल्याणला राहते' हे होतं.

मास्तर म्हणायचं ते आपलं आमच्या समाधानासाठी. ते कुठल्याही शाळेत मास्तर नव्हते. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी उभी हयात भाषांतरकार म्हणून काढली. साक्षीदार मराठीत बोलायचा आणि मास्तर त्याचं बोलणं इंग्रजीत करून जज्जसाहेबापुढे ठेवायचे. निवृत्त झाल्यावर कल्याणला पारनाक्याजवळ दोन खोल्यांत राहत आणि संध्याकाळी आम्हा कॉलेजच्या मुलामुलींना इंग्रजी परिच्छेद लिहायला शिकवत. टिटवाळ्याहून, डोंबिवलीहून पोरं यायची.

गरज तशीच होती. स्वातंत्र्य नुकतं मिळालेलं. शाळेत इंग्रजी उशिरा सुरू व्हायचं आणि कॉलेजात पाऊल टाकलं की व्याख्यानं, पुस्तकं, पेपर, सगळं इंग्रजीतून. मॅट्रिकला मराठीत भरभरून लिहिणारे आम्ही तिथे मुके होऊन बसायचो. त्यावर सगळ्यांनी मिळून एक उपाय शोधला होता: प्राध्यापकांनी सांगितलेल्या नोट्स घोकायच्या आणि पेपरात जशाच्या तशा ओतायच्या. प्राध्यापकही खूश, आम्हीही खूश.

मी आमच्या घरातली कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. अप्पा नगरपालिकेत कारकून. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "कुमुद, एक वर्ष बघू. हे वर्ष बुडालं, तर पुढचं विचारायचं नाही." अप्पा दुष्ट नव्हते, पण बोलले की बोलले. म्हणून मी मास्तरांकडे जायला लागले, आणि पहिल्याच दिवशी नऊ चिंचोक्यांनिशी माझी उलटतपासणी झाली.

"कल्याण हे थंड हवेचं, निसर्गरम्य ठिकाण आहे, असं तू लिहिलंयस. कोणी पाहिलं?"

"गाइडात असंच असतं मास्तर."

"गाइडवाला कल्याणला येऊन गेला होता?"

मी मान खाली घातली. "ते महाबळेश्वरचं होतं. मी नुसतं नाव बदललं."

मास्तर पोट धरून हसले. आतून मास्तरांची बायको, आमच्या काकू, बघायला आल्या. मास्तर त्यांना म्हणाले, "अगं, ऐकलंस का? हिनं महाबळेश्वरचा साक्षीदार कल्याणच्या खटल्यात उभा केलाय!" मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पढवलेला साक्षीदार पहिल्या प्रश्नाला फुटतो, पोरी. जा, बंदरावर जाऊन ये. काय दिसतं ते बघ आणि मग लिही."

त्यांची सगळी पद्धत कोर्टातली होती. परिच्छेद म्हणजे एक खटला. पहिल्या वाक्यात दावा मांडायचा, एकच. दुसरा दावा सुचला तर त्याच्यासाठी नवा परिच्छेद काढायचा. मग साक्षीदार आणायचे, निदान दोन, आणि ते आपण पाहिलेले किंवा नावानिशी सांगता येतील असे. "आणि विरुद्ध बाजूचाही एक बोलाव," ते बजावत. "लपवलास तर वाचणारा म्हणेल, हिच्या मनात काळंबेरं आहे." शेवटी निकाल. निकालात नवा साक्षीदार आणलेला त्यांना मुळीच खपत नसे. "कोर्ट उठलं! आता कोण आलं हे?" असं ते ओरडत. शोभेच्या विशेषणांना ते कोर्टाच्या बाररूममधले बिनकामाचे वकील म्हणत. आमचा एक वर्गमित्र प्रत्येक वाक्यात 'अतिशय' घालायचा, त्याच्या वहीवर एकदा इतके चिंचोके झाले की खालचा मजकूर दिसेना.

सहा महिन्यांत माझं इंग्रजी काही सुंदर झालं नाही, पण ते माझं झालं. आणि त्यापायीच मी अडचणीत आले.

इतिहासाच्या प्राध्यापकांनी, रेल्वेमुळे गावं कशी बदलली, यावर निबंध लिहायला सांगितला होता. पन्नास मुलांनी त्यांच्याच नोट्स त्यांना परत केल्या. मी कल्याणबद्दल लिहिलं. रेल्वे आली आणि गावाचं तोंड खाडीकडून स्टेशनाकडे फिरलं, हा माझा दावा. साक्षीला बंदरावरच्या गाळात रुतलेल्या पायऱ्या होत्या, गलबताचा धंदा सोडून स्टेशनाबाहेर टांगा हाकणारा एक म्हातारा होता, आणि विरुद्ध बाजूनं अजूनही भरतीबरोबर येणाऱ्या रेतीच्या होड्या होत्या. प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. "हे तुम्ही लिहिलेलं नाही. कोणी लिहून दिलं?" मी म्हटलं, मीच. त्यांनी वही बाजूला सारली. सोमवारी आपल्यासमोर बसून लिहून दाखवा, म्हणाले. जमलं नाही तर टर्म मिळणार नाही. टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही म्हणजे माझं कॉलेज संपलं.

मी तडक पारनाक्यावर गेले. "मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर चला. तुम्ही सांगितलंत की त्यांचा विश्वास बसेल. आणि आज मला दोनचार चांगले परिच्छेद लिहून द्या, मी पाठ करते."

"मी येणार नाही," मास्तर म्हणाले. "आणि लिहूनही देणार नाही."

मला संताप आला. "तुमचं काय जातंय? वर्ष माझं बुडणार आहे!" असं मी वडिलांच्या वयाच्या माणसाला ताडकन बोलून गेले. काकू आतून पाणी घेऊन आल्या.

मास्तर रागावले नाहीत. वाटीतले चिंचोके चाळवू लागले. मग म्हणाले, "काळू म्हात्रे म्हणून एक मिठागरवाला होता. बांध कोणाचा, याचा खटला. साहेबांनी विचारलं, बांध तू पाहिलास का? तो म्हणाला, 'मना वाटतं बांध आमचाच. पन तवा भरती होती, पान्यान नीट दिसत नव्हता.' आता हे असलं अडखळतं इंग्रजीत कसं दिसेल? माझं इंग्रजी तेव्हा जिल्ह्यात नावाजलेलं. मी ते नीटनेटकं केलं. बांध माझाच आहे आणि मी तो स्वतः पाहिला, असं झोकदार वाक्य लिहिलं. समोरच्या वकिलानं भरतीची वेळ काढली आणि विचारलं, पाण्याखालचा बांध तू पाहिलास कसा? काळू खोटारडा ठरला. मिठागर गेलं. तो कोर्टाच्या पायरीवर बसून मलाच विचारत होता, 'भाऊ, मी असा कवा बोललो?'"

हातातला चिंचोका त्यांनी वाटीत टाकला. "मी वर जाऊन साहेबांना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या बोलण्यात माझा शब्द घालायचा नाही, असं ठरवलंय. सोमवारी तू एकटी जा. अडखळलीस तर अडखळ."

सोमवारी मी गेले. प्राध्यापकांनी विषय दिला, आपल्या गावातला एखादा मोडत चाललेला धंदा. दावा सुचला आणि मागोमाग साक्षीदार आले. कल्हईवाल्यांच्या आळीत पूर्वी चार भाते चालत, आता एकच चालतो. कल्हई करणारी माणसं स्टेशनाजवळच्या कारखान्यात लागली. मात्र लग्नसराईत तो एकुलता भाता दिवसभर थांबत नाही, हेही लिहिलं. प्राध्यापकांनी कागद वाचला आणि प्रश्नांवर प्रश्न विचारले. भाता कोणाचा, तुम्ही कधी पाहिला, कारखान्यात गेलेला एक तरी माणूस सांगा. मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. शेवटी ते खुर्चीत मागे टेकले आणि मराठीत म्हणाले, "तुमचं इंग्रजी लंगडतं. पण पाय तुमचेच आहेत. माझी चूक झाली." एका कोवळ्या मुलीपुढे असं म्हणणारे ते प्राध्यापकही मोठेच म्हणायचे. मला टर्म मिळाली. त्या वर्षी मी पास झाले आणि अप्पांनी पुढच्या वर्षालाही होकार दिला.

पुढे मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आज कुठे कुठे आहेत, त्यांची पत्रं येतात तेव्हा छाती फुगते. पण अभिमानानं दाखवावा असा माझ्या हातचा परिच्छेद एकच आहे, आणि त्यातला मजकूर माझा नव्हे.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना मास्तरांनी मला बोलावणं पाठवलं. तब्येत खालावली होती, लवकरच मुलीकडे नागपूरला जायचं होतं. काळू म्हात्रेचा मुलगा बाळाराम येऊन गेला होता. त्यानं मिठागरासाठी ठाण्याला पुन्हा अर्ज केला होता आणि वकिलानं जुन्या भाषांतरकाराचं इंग्रजीतलं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. त्या अर्जाचा निकाल फार पुढे लागला. म्हात्र्यांना निम्मं मिठागर परत मिळालं, पण तेव्हा मास्तर नव्हते.

"मी मराठीत बोलतो," मास्तर म्हणाले, "तू इंग्रजीत लिही. मी लिहायला बसलो तर पुन्हा गुळगुळीत करीन. हाताची खोड जात नाही."

ते बोलले. मी लिहिलं. काळू काय म्हणाला, आपण काय लिहिलं, कोर्टाच्या पायरीवर त्यानं काय विचारलं. आपण गप्प का राहिलो, हे सांगताना त्यांचा आवाज तुटला. "मला वाटलं, लोक म्हणतील बेहेऱ्यांना इंग्रजी... मला लाज..." पुढे त्यांना बोलता येईना. काकूंनी पाठीवर हात ठेवला. मी लिहिलेलं वाचून दाखवलं.

मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "लाजेचं ते वाक्य अर्धवट राहिलंय. पुरं कर ना. काय म्हणायचंय ते तुला कळलंय."

"कळलंय मास्तर. पण तुम्ही तिथेच थांबलात."

त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. कागद मागून घेतला, पहिल्यापासून शेवटपर्यंत बोट फिरवत वाचला आणि खाली सही केली.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "हे मीच बोललोय."