प्रभाकाकी 'ठणठणीत' म्हणायच्या नाहीत

दोह्यातल्या मुलाशी फोनवर बोलताना प्रभाकाकी घराचं दार सताड उघडं टाकायच्या आणि सुरुवात आजारपणापासून करायच्या. "नितीन, ऐक. गुडघा सुजलाय. काल जिन्यात चक्कर आली, पडले नाय. डॉक्टरने बीपीची गोळी बदललीय. आता तू बोल." मग तिकडचं जेवण, उकाडा, सुट्टी. केबिन रोडमागच्या आमच्या बिल्डिंगीत काकींचा रक्तदाब किती, हे मजल्यावरच्या कुणालाही विचारावं, त्याला तो माहीत असायचा.

आमच्याकडची रीत याच्या अगदी उलट. बिल्डिंगमधली निम्मी घरं रत्नागिरी-रायगडची आणि बऱ्याच घरांतला एकजण कंत्राटावर आखातात. काही वर्षं काढायची, फ्लॅटचे हप्ते फेडायचे, परत यायचं. त्याचा फोन आला की इकडून ठरलेलं उत्तर, "आम्ही ठणठणीत आहोत, तू सांभाळ." तिकडच्या माणसाला आजारपण कळवायचं नाही, याला आमच्यात माया म्हणतात. माझा नवरा संदीप मस्कतला होता, त्यामुळे ही माया मी घरात बसून बघितली आहे.

काकीसुद्धा आधी तशाच होत्या. काकांना साखरेचा आजार जुना. नितीन सुट्टीवर आला की त्यांच्या गोळ्या पोह्यांच्या डब्यात जायच्या. नितीनच्या कंपनीचा आरोग्य विमा त्याच्या एकट्यापुरता, तोही तिथल्या तिथे. म्हणून आईवडिलांसाठी इथला विमा त्याने दोह्यात बसून ऑनलाइन काढला. फोनवर विचारलं, "बाबा, काही आजार?" काका म्हणाले, "ठणठणीत." त्याने तसंच भरलं.

पुढे काकांना हृदयाचा झटका आला. जुन्या तपासण्यांमधून साखर बाहेर पडली आणि आजार लपवला म्हणून विमा कंपनीने हात वर केले. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवर काकी भांडल्या तेव्हा मी शेजारी उभी होते. "लपवलं ते पोरापासून. तुमच्यापासून कशाला लपवू? तुम्ही कोण माझे?" डेस्कवरची मुलगी हळूच म्हणाली, "काकी, पण फॉर्म तुमच्या पोरानेच भरलाय ना."

ऑपरेशनच्या कर्जापायी नितीनने कंत्राट वाढवून घेतलं आणि त्या वाढीव मुदतीतच काका गेले. नात्यातल्या शहाण्यांनी त्याला कळवलं, "बाबा सीरियस आहेत, ताबडतोब नीघ." तो आला, तेव्हा दारातला चपलांचा ढीग बघून जिन्यातच थांबला. त्याच्या हातात बाबांसाठी आणलेलं साखर तपासायचं मशीन होतं. ते आठवलं की मला त्या शहाण्यांचा आजही राग येतो.

काकींच्या नणंदेने समजूत घातली, "पोराला प्रवासात त्रास नको म्हणून केलं गं." काकी भर माणसांत म्हणाल्या, "यापुढे माझ्या पोराला सगळं कळेल. तब्येत काय चोरीचा माल आहे, लपवायला?" त्या दिवसापासून दार उघडं राहिलं. मग त्यांनी बिल्डिंगही हातात घेतली. खालच्या मजल्यावरच्या गुजराती भाभींना त्या औषधाच्या दुकानात, सगळ्यांदेखत विचारायच्या, "बेटे को बताया क्या? नहीं? तो अभी बता, मेरे सामने." लोक त्यांना बघून रस्ता बदलायचे. काकी मागून हाक मारायच्या.

आमच्या आबांशी, म्हणजे माझ्या सासऱ्यांशी, त्यांचं वाजलं ते यावरूनच. संदीप आमच्यासाठी विमा काढणार होता. आबांच्या छातीत दुखायचं, गोळ्या चालू होत्या. विम्याचा माणूस आमचाच चहा पीत म्हणाला, "ते नका सांगू, उगाच अडकेल." आबांनी मान डोलावली आणि मला डोळ्यांनी दटावलं. मी तोंड उघडणार तोच काकी आत आल्या. त्यांचं दार उघडं होतं, आणि आमचंही.

"ए भाई, क्लेम के टाइम तू मिलेगा क्या?" असं त्याला विचारून त्यांनी माझा फोन उचलला आणि संदीपला लावला. "संदीप, ऐक. तुझ्या वडलांच्या छातीत दुखतंय. कधीपासून, ते तुझी बायको सांगेल. सगळं लिही."

आबा संतापाने उभे राहिले. "वहिनी, दुखणं माझं. तुम्ही कोण सांगणाऱ्या?"

"कोण नाय. शेजारीण. उद्यापासून बोलू नका माझ्याशी, चालेल. पण पोराकडून खोटं लिहून घेऊ नका."

आबांनी खरंच बोलणं टाकलं. विमा महाग मिळाला, वर छातीच्या दुखण्याच्या खर्चासाठी काही वर्षं थांबायची अट. हप्ता भरायची वेळ आली की आबा भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात कुरकुरायचे आणि काकी तेवढ्याच जोरात टीव्ही लावायच्या. नशीब असं, की ती मुदत संपल्यावरच आबांच्या हृदयाच्या दुखण्याने डोकं वर काढलं. बिल मंजूर झालं. संदीपला कंत्राट वाढवावं लागलं नाही, तो ठरल्या वेळी परत आला. आबांनी माझ्या हाती काकींना ओल्या काजूंची उसळ पाठवली, शब्द मात्र एक नाही. काकींनी चाखून निरोप दिला, "मीठ कमी आहे, सांग त्यांना."

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी काकींचं दार उघडलंच नाही. आमच्याकडच्या किल्लीने आत गेलो, तर त्या झोपेतच गेलेल्या. माणसं जमली. नणंद डोळे पुसत म्हणाली, "नितीनला सीरियस आहे एवढंच सांगा. एवढा प्रवास कसा करेल पोर?" सगळ्यांनी माना हलवल्या. मला बोलायचं होतं, पण रडू आवरत नव्हतं.

आबा खुर्चीतून उठले. कुणीतरी लोटलेलं दार त्यांनी सताड उघडलं आणि माझ्याकडून फोन लावून घेतला.

"नितीन, ऐक. तुझी आई गेली. झोपेत गेली. मी तिच्याजवळ उभा आहे. आता तू बोल."

आणि तो बोलेपर्यंत आबा फोन कानाला धरून तसेच उभे राहिले.