नोजल खिशात, मी झाडावर

मागच्या महिन्यात रोल्लाच्या बाजारातून धाकटीला सायकल घेतली आणि दुकानापासून घरापर्यंत ती हातानं ढकलत आणली. धाकटी बरोबर होती. म्हणाली, "पपा, यू कॅन राइड इट, यू नो."

नाही बाय, तुझ्या बापाला नाही जमत. तुझा बाप शेवटचा सायकलवर बसला तो वीसेक वर्षांपूर्वी, साठच्या दशकात, आणि उतरला तो थेट काटेरी झाडावर.

तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. रत्नागिरीहून मुंबईला, तिथून बोटीनं इकडे आखातात येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. रास अल खैमात पंपाची इंजिनं आणि त्यांचे सुटे भाग विकणाऱ्या एका दुकानात मी माल काढून द्यायचो. मला इथं आणलं होतं भावजींनी, म्हणजे माझ्या आपाच्या, थोरल्या बहिणीच्या, नवऱ्यानं. ते स्वतः बारा-तेरा मैलांवर, डोंगराच्या पायथ्याशी एका खजुराच्या बागेत पंपाचे मेकॅनिक होते. गावाकडे आपा, तिची तीन मुलं आणि आमची आई अशी पाच तोंडं भावजींच्या पगारावर जेवत होती.

एका सकाळी त्यांची चिठ्ठी आली. इंजिनात डिझेल फवारणारं नोजल गेलंय. दोन दिवस बागेला पाणी नाही. लिंबाच्या नव्या रोपांनी माना टाकल्यात. आज पंप चालू झाला नाही तर रोपं जातील, आणि मागोमाग मीपण.

लॉरी दुबईला गेली होती. सेठनं मला आपादमस्तक पाहिलं.

"साइकिल आती है?"

"आती है, सेठ."

हे अर्धं खरं होतं. गावातल्या मास्तरांच्या सायकलवर मी शिकलो होतो, पण उतरायची कला मला कधी आली नाही. आमच्याकडे दर चार पावलांवर माड असतो. माड आला की मिठी मारायची आणि सायकल खालून निघून जाऊ द्यायची. यात काही कमी आहे असं मला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

नोजल तेलकट फडक्यात गुंडाळून, शर्टाच्या खिशात घालून वर सेफ्टी पिन लावली आणि निघालो.

डांबर नव्हतंच. लॉरीच्या चाकांनी खडीत पाडलेल्या दोन चाकोऱ्या, एवढाच रस्ता. चाकाखाली खडी अशी करकरायची की मागून कुणी येतंय असं वाटून मी सारखा वळून बघायचो, आणि वळलो की हँडलही वळायचं. दोन्ही बाजूंना झावळ्यांचे कूड, आत खजूर, खजुराखाली लसूणघास. सुरेख असावं सगळं. मी पाहिलं नाही. मला कुत्र्यांची भीती वाटत होती. मग एका कुडाआडून उंटानं मान काढली, तेव्हा उंटाची वाटू लागली. भीती जावी म्हणून कुराणातली आयतुल कुर्सी म्हणायला घेतली, तर अर्ध्यावर पुढचं आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तिथंच अडलो.

बागा संपल्या. पुढे मोकळं माळरान, आणि रस्त्याकडेला गाढव बांधून बसलेला एक म्हातारा. मांडीवर बंदूक. मला पाहताच तो ताडकन उठला, हात हलवत ओरडू लागला. माझं अरबी तेव्हा तीन शब्दांचं होतं, यल्ला म्हणजे चल, खलास म्हणजे संपलं आणि इन्शाल्ला म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर. यातला एकही तो म्हणत नव्हता.

"व्हाय डिडन्ट यू जस्ट स्टॉप?" आमचा मोठा दर वेळी इथं विचारतो.

अरे, थांबायला झाड कुठं होतं?

मी त्याच्या समोरून तसाच पुढे गेलो. त्यानं बंदूक वर केली आणि बार काढला. गोळी आकाशात गेली, पण हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, नेम चुकला. पायांत कुठून जोर आला कोण जाणे, मी उतारावरून सुसाट खाली गेलो आणि कोरड्या वादीत शिरलो. वादी म्हणजे पावसाळी ओढ्याचं पात्र. रुंद, सपाट, बारीक खडीचं. रस्त्यापेक्षा बरं.

डोक्यावर निळं आभाळ. दूर डोंगरावर काळे ढग होते, पण त्यांचा माझ्याशी काय संबंध? आमच्याकडे नदी वाढते ती चार दिवस तुम्हाला भिजवून, तुमच्या देखत वाढते. अंगावर थेंब नसताना पूर येईल हे कोकणातल्या माणसाच्या डोक्यातच येत नाही. वाटेत ज्या ज्या गोष्टीला भिऊ नये तिला भ्यालो, आणि जिला भ्यायला हवं होतं तिच्या मधोमध घंटी वाजवत चाललो.

समोरून घरघर ऐकू आली. वाटलं, कुणाची तरी लॉरी येतेय! बाजूला होऊन मी तिला वाट दिली.

वळणावरून लॉरी आली नाही. तपकिरी पाणी आलं, कमरेएवढं, आणि त्याच्यापुढे खजुराचं आख्खं खोड लोळत होतं.

पात्रात मध्येच खडीचा उंचवटा होता, त्यावर बाभळीसारखं एक झाड. मी माझ्या रीतीनं उतरलो, म्हणजे झाडाला मिठी मारली. काटे छातीत घुसले, पायांत घुसले. त्याची दखल मी वर पोचल्यावर घेतली. सायकल बुंध्यात अडकली. पाणी तिच्या हँडलपर्यंत चढलं.

म्हातारा काठावर आला, मला पाहिलं आणि बसला. बंदूक पुन्हा मांडीवर.

किती वेळ गेला सांगता येत नाही. ऊन डोक्यावरून कलंडलं. खाली पाणी, समोर तो. पाणी ओसरावं अशी दुआ मागावी तर ओसरल्यावर तो येणार. त्यानं काय करायचं ते करावं, पण नोजल नेलं तर भावजींचं काय, आपाचं काय? मी एका हातानं फांदी आणि एका हातानं खिसा धरून बसलो. तो अधूनमधून ओरडून काही विचारायचा. मी प्रत्येक वेळी ओरडायचो, "इन्शाल्ला!"

पाणी गुडघ्याखाली आलं तसा तो गाढव घेऊन पात्रात उतरला. मी डोळे मिटले. त्यानं मला पोत्यासारखं उचललं, गाढवावर ठेवलं. पाण्याची कातडी पिशवी माझ्या तोंडाला लावली. वाकडी झालेली सायकल स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि चालू लागला. तरी माझा हात खिशावरच. वाटेत त्यानं एकदाही त्या खिशाकडे पाहिलं नाही.

गाढव थांबलं ते भावजींच्या पंपघरापाशी. भावजी धावत आले, मला पाहिलं, मग म्हाताऱ्याकडे वळून अदबीनं सलाम केला.

"हे कोण?" मी कुजबुजलो.

"कोण म्हणजे? अरबाब! बागेचे मालक. काल सकाळपासून वादीपाशी जाऊन बसतायत. डोंगरात ढग होते ना. म्हणाले, पार्ट आणणारा परदेशी असेल, त्याला वादी काय ठाऊक."

"मग आता पाणी तर एवढं आलं..."

"ते गेलं समुद्रात. बाग उंचावर आहे, इथं थेंब नाही. आण ते नोजल. आणलंस ना?"

पिन निघेना. शेवटी भावजींनी खिसाच फाडला.

ते आत गेले. अरबाब माझ्यासमोर मातीत बसले. कमरपट्ट्याला लावलेला छोटा चिमटा काढून त्यांनी माझा उजवा पाय मांडीवर घेतला आणि काटे उपसू लागले, एकेक, सावकाश. आत इंजिन खोकलं. बंद पडलं. पुन्हा खोकलं. अरबाबांचा हात क्षणभर थांबला, तेव्हा कळलं की तेही घाबरलेले आहेत.

मग ते टक टक करत सुरू झालं. पाटातून पाणी आलं, पुढे पालापाचोळा ढकलत, आमच्या शेजारून लिंबांकडे गेलं. मी दचकून पाय वर घेतले. अरबाब पहिल्यांदाच हसले. माझा डावा पाय त्यांनी ओढून मांडीवर ठेवला.

"यल्ला," म्हणाले.

हे मात्र मला समजलं.